चाळीस सेकंदांचा जिल्हा

आमच्या चॅनलच्या लोगोत एकूण सहा गोष्टी होत्या. पृथ्वी, किल्ला, बेलाचं पान, ज्वारीचं कणीस, उगवता सूर्य आणि पाण्याचा थेंब. दहा सेकंदांत या सगळ्यांनी गरगर फिरून एकमेकांवर बसायचं आणि खाली ‘तालुक्याचा आवाज’ ही ओळ उमटायची. हैदराबादेत मी ज्या स्टुडिओत होतो तिथं लोगोतून काय काय काढता येईल यावर आम्ही महिना महिना भांडायचो. इथं माझे सासरे खुर्ची ओढून माझ्या पाठीशी बसायचे आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे, “जावईबापू, ह्या डाव्या कोपऱ्यात अजून जागा हाय की.”

तुम्ही नेमकं काय करता असं उदगीरमध्ये कुणी विचारलं, की मी सांगायचो, टीव्हीवर अक्षरं हलतात ना, ती मी हलवतो. समोरचा मान डोलवायचा आणि लगेच विचारायचा, ते ठीक हाय, पण नोकरी कुठं करता? आता त्याला काय सांगणार! चॅनलचा चेहरा घडवणं हे माझं काम. बातम्या लागण्याआधी काय फिरतं, कोपऱ्यात काय दिसतं, बोलणाऱ्याच्या नावाची पट्टी कुठून सरकत येते, कोणता रंग कुठं थांबतो. रिमोट दाबत जाणाऱ्या माणसाला अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे की आपण कुठं आलो. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. त्या पंचवीस चित्रांचं मला वेड होतं, आणि ते अजून उतरलेलं नाही.

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचा. वसतिगृहात राहून शाळा केली, नांदेडला एका अंधाऱ्या जिन्याच्या क्लासमध्ये अॅनिमेशन शिकलो आणि हैदराबादला कामाला लागलो. लग्न आमच्याच लिंगायत समाजात, उदगीरला ठरलं. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत, आडतीच्या वरच्या दोन खोल्यांत केबलवर चालणारं त्यांचं चॅनल, आणि त्या चॅनलवर संध्याकाळच्या बातम्या वाचणारी त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी बायको. “तीन महिने येऊन ऱ्हावा, चॅनलचं रूप पालटून द्या, मग जावा खुशाल,” असं आप्पा लग्नानंतर म्हणाले होते. मी ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे त्या वर्षी त्या तीन महिन्यांना चार वर्षं झाली होती.

सासुरवाडीला आठ दिवस जाणाऱ्याला जावयाचा मान गोड लागतो. बारा महिने तिथंच राहणाऱ्याला त्याच मानानं गुदमरायला होतं. मी चुकलो तरी मला कुणी बोलायचं नाही. चप्पल घातली की खालून आवाज यायचा, “जावईबापू कुठं निघाले? गाडी काढा.” मोंढ्याच्या टोकापर्यंत एकट्यानं चालत जायची चोरी! अधिक महिन्यात चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे घेऊन आप्पा माझ्यासमोर पाटावर बसले होते, एकेक अनारसा माझ्या पोटात जाईपर्यंत. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की मी सहावा अनारसा गिळताना हैदराबादला परत जायचंय हे वाक्यही गिळून टाकलं. असं मी ते वाक्य किती वेळा गिळलं असेल, माझं मलाच माहीत नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं, आणि आमच्याकडे नळ कधी पंधरा दिवसांनी यायचा, कधी वीस. त्या उन्हाळ्यात आमच्या चॅनलवर सगळ्यात जास्त काय बघितलं जात असेल तर ती मी बनवलेली निळी पट्टी. सकाळी सहा ते आठ पडद्याच्या तळाशी ती सरकत असायची. आज कोणत्या गल्लीला पाणी, कोणत्या वॉर्डात टँकर, किती वाजता. चष्मा नसलेल्या म्हातारीलाही वाचता यावं म्हणून निळ्यावर पिवळी, जाड अक्षरं घेतली होती, आणि सरकण्याचा वेग मी तीनदा कमी केला होता. आप्पांच्या लोगोतल्या थेंबावर मात्र लोक चिडले. फोन आला, “नळाला पाणी न्हाई आन् टीव्हीत उडवून ऱ्हायले व्हय?” आप्पांनी थेंब काढायला लावला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा फोन, थेंब काढला म्हणजे अपशकुन केला. थेंब परत आला.

त्याच वर्षी नवा जिल्हा होणार अशी हूल उठली होती. लातूरचे काही तालुके आणि नांदेडचे काही तालुके तोडून उदगीर जिल्हा होणार आणि एक मेला, महाराष्ट्र दिनाच्या झेंड्याला, घोषणा होणार असं पानटपरीपासून मोंढ्यापर्यंत सगळे छातीठोकपणे सांगत होते. चाकूर आपल्यात घ्यायचं की लातूरला राहू द्यायचं यावरून आडतीत दोन माणसं हातघाईवर आली होती. गावात प्रत्येक गोष्ट जिल्ह्यावर टांगलेली होती. प्लॉट विकायचा, जिल्हा झाला की. मुलीचं बघायचं, जिल्हा झाला की. किनवटहून माझ्या वडिलांचा फोन आला तर तेही चेष्टा करायचे, “तुमच्या च्यानलवर करूनच ऱ्हायलेत तर किनवटचाबी करून टाक की रे जिल्हा.”

एक दिवस आप्पा वर आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे होते. म्हणाले, “जावईबापू, ‘तालुक्याचा आवाज’ पुसायचं आता. ‘जिल्ह्याचा आवाज’. समदं नवं करा. लोगो, पट्ट्या, रंग, समदं.” मी वही उघडली आणि आता किती गोष्टी सांगतात ते बघत बसलो. त्यांनी हातानं माझी वही मिटली आणि म्हणाले, “ह्या बारीला तुमाला वाटंल तसं करा. मला काय कळतंय त्यातलं.”

चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला मोकळं सोडलं होतं. मी तीन आठवडे जेवायला सोडून खाली उतरलो नाही. चाळीस सेकंदांचं केलं. आधी नुसती काळी जमीन, पडदाभर, भेगाळलेली. पांढरीभक्क दुपार. हलगीचा एकच ठोका. मग भेगा हळूहळू पुढं सरकतात, एकमेकींना मिळतात, आणि आपण वर वर जात असताना कळतं की या भेगा म्हणजे तालुक्यांच्या सीमा आहेत. इकडे लातूर, तिकडे नांदेड. मधला एक तुकडा सुटा होतो, त्याच्या कडांतून उजेड येतो. तो तुकडा लहान होत होत पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि तोच चॅनलचा लोगो. त्यावर एकच थेंब, खाली ‘जिल्ह्याचा आवाज’. किल्ला नाही, सूर्य नाही. नांदेडच्या नकाशाला भेग पाडताना मला, किनवटच्या माणसाला, थोडं कसंतरी झालं, पण हात थांबला नाही. माझ्या हातून त्याच्यापेक्षा चांगलं काम आधी झालं नव्हतं, पुढंही झालं नाही.

त्याच दिवसांत हैदराबादहून जुन्या सोबत्याचा फोन आला. त्यानं स्वतःचा स्टुडिओ काढला होता, मोठ्या चॅनलची कामं मिळत होती. म्हणाला, एक जूनपासून ये, पण माझ्या भागीदाराला तुझं काम दाखवावं लागेल. कॉम्प्युटरवर बनवलेलं सगळेच पाठवतात, तू खऱ्या चॅनलवर चालतानाचं रेकॉर्डिंग पाठव. एक मेच्या संध्याकाळपर्यंत.

मी बायकोला सांगितलं. ती गच्चीवर हंडे उपडे घालत होती. तिचा चेहरा असा उजळला की मला कळलं, या घरात कोंडलेला मी एकटाच नव्हतो. मग ती म्हणाली, “मी येते. कवाबी येते. पण आप्पाला तुम्ही तोंडानं सांगायचं. चोरून न्हाई जायचं.” मी म्हणालो, सांगतो. जिल्हा झाला की सांगतो.

आता आप्पांच्या मुहूर्ताबद्दल सांगायला हवं. आडतीतला नवा काटा असो की चॅनलची नवी पट्टी, कुठलीही गोष्ट मुहूर्ताशिवाय पहिल्यांदा चालवायची नाही हा त्यांचा नेम. जंगम स्वामींकडून वेळ काढून आणायची, मॉनिटरला विभूती लावायची, कीबोर्डचं बटण आप्पांनी स्वतः दाबायचं आणि मग नारळ फोडायचा. पण ठरल्या वेळेआधीच गावाला दिसू नये म्हणून त्या वेळी मी मशिनीमागची जाड काळी वायर काढून ठेवायचो. ती वायर गावाकडे जाणारी. ती काढली की जे चालेल ते फक्त आमच्या खोलीतल्या टीव्हीवर, आणि गावाला मिनिटभर कोरा पडदा. मुहूर्त झाला की वायर परत लावायची. चार वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती.

नव्या रूपाचा मुहूर्त निघाला एक मेचा, सकाळी सात वाजून दहा मिनिटांचा. झेंडावंदन आठला, घोषणा त्यानंतर. म्हणजे खोलीतल्या खोलीत मुहूर्त करायचा आणि घोषणा झाली की गावाला दाखवायचं. आप्पा धुवट धोतर नेसून आले. बायको मागं आरतीचं ताट घेऊन उभी होती. मी टेबलामागं वाकलो आणि वायरीवर हात ठेवला.

हात ठेवून मी विचार केला, समजा घोषणा झालीच नाही तर? मग हे चाळीस सेकंद कुठंच, कधीच चालणार नाहीत. रेकॉर्डिंग नाही म्हणजे हैदराबाद नाही. आज सुट्टी आहे, पोरं झेंड्याला गेली असतील, सकाळी सातला टीव्ही कोण बघतंय? चाळीस सेकंद तर आहेत! गावातल्या केबलला जोडलेली रेकॉर्डिंगची मशीन मी आधीच सुरू करून ठेवली होती, तेव्हा हा विचार मला तिथं वाकल्यावर सुचला असं म्हणणं खोटं होईल.

“काढली?” आप्पांनी विचारलं.

“काढली, आप्पा,” मी म्हणालो आणि सरळ उभा राहिलो.

त्यांनी बटण दाबलं. काळी जमीन आली, ठोका पडला, भेगा सरकल्या. आप्पांचे डोळे भरून आले. आणि मला पडद्याच्या तळाशी माझी निळी पट्टी सरकताना दिसली. आज पाणी कोणत्या गल्लीला, टँकर किती वाजता. सकाळी सहा ते आठ. सगळं गाव, हातातली कामं टाकून, त्याच वेळी, त्याच पट्टीकडे बघत बसतं. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ती पट्टी मीच वाचण्याजोगी केली होती. स्वतःच्या चाळीस सेकंदांपायी मी ती विसरलो होतो.

पहिला फटाका चौकात वाजला तेव्हा आप्पा नारळ फोडत होते.

पंधरा मिनिटांत मोंढा भरला. पेढे आले, गुलाल आला, आप्पांना खाली ओढून हार घातले. “आप्पांच्या च्यानलनं समद्यांच्या आधी दिलं!” आप्पा काही बोलायला तोंड उघडायचे आणि त्या तोंडात कुणीतरी पेढा घालायचं. समोरच्या चहाच्या हॉटेलवाल्यानं सगळ्या गल्लीला फुकट चहा लावला. त्याच्याकडे पाण्याचा एकच ड्रम होता, पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचा. तो त्यानं तळापर्यंत उपसला. बायांनी दारात सडे टाकले, साठवलेल्या पाण्याचे. महिनोन्महिने न भिजलेला रस्ता ओला झाला आणि त्याचा वास वरच्या खोलीत माझ्यापर्यंत आला. मी खिडकीशी उभा होतो. कोणत्या दारात किती हंडे सांडले ते मी मोजत होतो. आणि तरी माझं काम गावानं खरं मानलं याचा आनंदही मला झाला होता, तो लपवत नाही.

झेंडावंदन झालं. भाषण झालं. त्यात जिल्ह्याचा शब्दही नव्हता.

दहा वाजेपर्यंत तीच माणसं परत आली. आता हार नव्हते. कुणीतरी आडतीवरचा चॅनलचा बोर्ड दगडानं फोडला. हॉटेलवाला रिकामा ड्रम आडवा करून त्यावर बसला होता, तो शिव्या देत नव्हता, नुसता आमच्या जिन्याकडे बघत होता. वर आप्पा खुर्चीत बसून होते. म्हणाले, “वायर जुनी हाय ती. नीट निघाली नसंल. मुहूर्ताचा हट्ट माझा. माझंच चुकलं.”

मी म्हणालो, “आप्पा, मी खाली जाऊन सांगतो. वायर माझ्या हातून राहिली असं सांगतो.”

ते खरंच होतं. फक्त मी ते अशा सुरात बोललो की त्यांच्यासाठी मी आळ घ्यायला तयार झालोय असं वाटावं. मुद्दाम तसं बोललो का? त्या वेळी मला वाटलं, असंही एकदा तोंडातून निघून जाईल. आप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “खुळे का तुमी? जावयाला लोकांपुढं उभं करीन व्हय मी?” पुढं कितीतरी दिवस ते येईल त्याला सांगत होते, माझ्यासाठी जावई पुढं झाला, पोटचा पोरगा झाला नसता.

त्यांनी ठरवलं की चॅनलवर बसून स्वतः माफी मागायची. चार वर्षांत ते कधी पडद्यावर आले नव्हते. बायकोनं तिची बातम्यांची खुर्ची त्यांना दिली. बोलणाऱ्याच्या नावाची पट्टी करणं माझं काम, म्हणून मी विचारलं, “नावाखाली काय टाकू? मालक? संपादक?”

“कायबी नको,” ते म्हणाले. “नुसतं नाव टाका.”

मी त्यांचं नाव टाइप केलं. निळ्यावर पिवळं, म्हातारीलाही वाचता येईल असं. ते हात जोडून म्हणाले की चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, आणि ज्यांनी आनंदानं पाणी सांडलं त्यांच्या दारात उद्या माझा टँकर येईल. टँकर आला. सगळ्यात आधी हॉटेलवाल्याचा ड्रम भरला. लोक निवळले. दिवाळीपर्यंत तर या प्रसंगाची चेष्टाच व्हायला लागली, उदगीर चाळीस सेकंद जिल्हा होता म्हणून.

त्या दुपारी बायको माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “तुम्ही ‘काढली’ म्हणालात तवा मी मागंच होते. वायर मला दिसत होती.” ती भांडली नाही. “आप्पाला खरं सांगा. ते दोन दिवस जेवणार न्हाईत, मग इसरतील. सांगा आन् चला. मी बॅग भरते.”

तिनं बॅग भरलीही. रेकॉर्डिंग मी संध्याकाळीच पाठवून दिलं होतं, हो, पाठवलं. सोबत्याचा लगेच फोन आला. भागीदार खूश होता. त्याला सगळ्यात काय आवडलं असेल तर तळाशी सरकणारी ती पाण्याची पट्टी. ती कल्पना कुठून सुचली, म्हणाला, अगदी खरी वाटते.

महिनाभर मी रोज ठरवायचो. एकच वाक्य होतं. मी ते मोजलंही होतं, चार सेकंदांचं, शंभर चित्रं. आप्पा समोर बसायचे, माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढायचे, पाहुण्याला माझ्याकडे बोट दाखवून ती पुढं झाल्याची गोष्ट सांगायचे, आणि मी मान खाली घालायचो. पाहुण्यांना वाटायचं, किती विनयी जावई. एक जून आला आणि गेला. बॅगेतल्या साड्या एकेक करून कपाटात परत गेल्या. त्या दिवसापासून बातम्या वाचताना कॅमेऱ्यामागं मी उभा असलो तर बायको माझ्याकडे बघत नाही, कागदाकडे बघते.

जिल्हा अजून झालेला नाही. पण दरवर्षी हूल उठते, आणि आप्पा वर येतात. आता जिना चढताना मध्ये थांबतात. “जावईबापू, ते आपलं काढून ठेवा. ऐनवेळी घाई नको.” मी फाइल उघडतो, कुठला तालुका घ्यायचा, कुठला सोडायचा त्याप्रमाणे भेगा बदलतो. मुहूर्त निघतो. विभूती, नारळ. फक्त एक गोष्ट बदलली आहे. वायर आता ते मला काढू देत नाहीत. माझ्यावर पुन्हा आळ येईल अशी वेळ नको म्हणून, गुडघ्यावर हात टेकून स्वतः खाली वाकतात, दोन्ही हातांनी ती ओढून काढतात आणि तिचं टोक माझ्यापुढं धरतात.

“बघा बरं जावईबापू, काढली ना?”

“काढली, आप्पा,” मी म्हणतो.

मग ते बटण दाबतात. गावाला कोरा पडदा दिसत असतो, आणि आम्ही तिघं त्या खोलीत बसून ते चाळीस सेकंद बघतो.